एक खण चित्रासाठी

आपल्या घरात कशाकशाला हक्काची जागा आहे, ते एकदा सवडीने मोजून पाहा. देवाला देव्हारा आहे. धान्याला पत्र्याची कोठी आहे. बियाण्याला उंदीर पोहोचणार नाही अशी उंच जागा आहे. फवारणीच्या पंपाला खुंटी आहे, कडब्याला गंजी आहे, म्हशीला गोठा आहे आणि मोटारसायकलीला ओसरी आहे. आता मी विचारतो, घरातल्या ज्या मुलीचा, मुलाचा किंवा सुनेचा हात चित्रावर बसलेला आहे, त्या हाताला जागा कोणती?

बहुतेक घरांत उत्तर एकच मिळते, 'जिथे रिकामे दिसेल तिथे बसावे.' आणि शेतकऱ्याच्या घरात रिकामे कधी दिसतच नाही! पोर कागद पसरते, तोच कोणी भाजीची पाटी आणून ठेवतो. पाहुणे येतात, जेवणाची पाने मांडायची असतात, अभ्यासाला दुसरे भावंड येते. रंग ओले असतानाच कागद उचलावा लागतो. असे दहा वेळा झाले की अकराव्या वेळी पोर कागद काढतच नाही. मग आपण म्हणतो, 'लहानपणी फार छान काढायची, पुढे नाद सुटला.' नाद आपोआप सुटत नसतो. रोज मांडायचे आणि रोज उचलायचे, याचा कंटाळा नादाला मारतो.

चित्राचे काम भाकरीसारखे नाही, की थापली, भाजली आणि झाली. ते दह्यासारखे आहे. विरजण लावल्यावर भांडे हलवायचे नसते. रंगाचा पहिला हात वाळल्यावाचून दुसरा देता येत नाही. तांब्या, लिंबू आणि कापड समोर मांडून वस्तुचित्र काढायचे, तर दुसऱ्या दिवशीही तांब्या तिथेच हवा आणि लिंबूही तिथेच हवे. म्हणून माझे सांगणे एवढेच, की चित्र काढणाऱ्याला भारी रंगांच्या आधी जागा द्या, आणि अर्धे राहिलेले काम जिथे कोणी हलवणार नाही अशी द्या.

शेतीखात्याचा माणूस चित्राच्या गोष्टी कशाला सांगतो, असे तुम्ही म्हणाल. पण बियाणे कोरडे कसे ठेवावे, उंदीर कसे आवरावेत, विषारी औषधे कुठे ठेवावीत, हे सांगत आमचा जन्म घरोघर हिंडण्यात गेला. चित्राच्या कोपऱ्याला नेमके हेच ज्ञान लागते.

घरात कलेची जागा करणे हे शहरी खूळ आहे, असेही कोणी समजू नये. आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर घ्या. प्राचीन काळी तगर या नावाने ते दूरदेशीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होते. सातवाहनांच्या काळातल्या मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंती काम तेथे सापडले आहे. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय आहे. पोरांना घेऊन एकदा जाऊन या. त्याच तेरचे गोरोबाकाका. त्यांचे चाक, त्यांची माती, त्यांचे थापटणे सारे घराच्या अंगणातच होते. कुंभार, कोष्टी, सुतार, सोनार यांच्या घरात कामाची जागा पहिली आणि झोपायची जागा नंतर. गोरोबाकाकांच्या कथेतला माती तुडवतानाचा तो हृदय पिळवटणारा प्रसंग आपण कीर्तनात ऐकतो. त्यातला भक्तिभाव थोर आहेच. पण रांगते मूल असलेल्या घरात कामाच्या जागेला आडोसा हवा, एवढी साधी गोष्टही संसारी माणसाने त्यातून उचलावी.

आणखी एक उदाहरण कोकणातले आहे आणि ते आपल्या कामाचे आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी नावाचे गाव आहे. तेथील ठाकर समाज चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्पिढ्या करीत आला. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवीत गाऊन कथा सांगायची. खेळ कमी झाले, चित्रे जीर्ण होऊ लागली. तेव्हा परशुराम गंगावणे यांनी मोठ्या इमारतीची वाट पाहिली नाही. आपला गुरांचा गोठा त्यांनी साफ केला आणि २००६ साली तेथेच 'ठाकर आदिवासी कला आंगण' हे संग्रहालय उभे केले. जुनी चित्रे आणि बाहुल्या पाहायला तेथे लोक येतात. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ट्रॅक्टर आल्यापासून आपल्याकडेही अनेकांचे गोठे निम्मे रिकामे पडले आहेत. त्यांत काय काय साठले आहे, ते आठवा!

आता आपल्या घरांकडे वळू. जुन्या माळवदाच्या घराचे माप आपण खणात सांगत होतो. दोन खांबांमधली जागा म्हणजे खण. भिंती दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद, त्यांत कोनाडे, आणि वर उजेडासाठी ठेवलेले सवणे. १९९३ च्या भूकंपात लोहारा-उमरगा भागातील अशी किती घरे गेली, ते आपण जाणतोच. पुढे पुनर्वसनाची घरे मिळाली, ती धारण केलेल्या जमिनीप्रमाणे २५० चौरस फुटांपासून ७५० चौरस फुटांपर्यंतची. त्यांत कोनाडे नाहीत, खण नाहीत. एवढ्याशा घरात चित्राला जागा कोठून आणायची, हा प्रश्न खोटा नाही. म्हणून अशाच एका घराची हकीकत सांगतो.

लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावात सोयाबीनच्या बियाण्याची उगवण तपासायला गेलो होतो. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवायला आधी सांगितले होते. गोणपाट उलगडून मोड मोजत होतो, तोच जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे काढलेले एक चित्र दिसले. सोयाबीनचा कोंब, दोन दले, वाकलेली मान आणि खाली मूळ. आमच्या घडीपत्रिकांतसुद्धा इतके नेमके चित्र मी पाहिलेले नाही! चौकशी केली तेव्हा कळले, की धाकट्या सुनेने ते काढले होते. माहेरी असताना ती इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत उत्तम श्रेणीत पास झाली होती. लग्नानंतर सात वर्षे रंगाची पेटी ट्रंकेच्या तळाशी पडून होती.

"जागा असती तर काढलं असतं, सायेब," ती हळूच म्हणाली.

सासरे समजूतदार होते. वऱ्हांड्याची उत्तरेकडची बाजू पत्र्याने झाकलेली होती आणि तेथे मोडक्या खुर्च्या, फुटके टब, तुटलेली पाइपे पडली होती. भंगारवाल्याला बोलावून त्यांनी ती जागा मोकळी केली. चार फूट रुंद आणि सहा फूट लांब. जुन्या दाराची एक फळी दोन घोडींवर टाकली. सुनेचे काम सुरू झाले.

खरी परीक्षा पुढेच होती. सोयाबीनची रास झाली आणि पोती घरात आली. मी गेलो त्या दिवशी धाकटा मुलगा त्याच कोपऱ्यात पोत्यांची थप्पी लावू लागला होता. आभाळ भरून आले होते, त्याचेही चुकत नव्हते. सून काही न बोलता फळीवरचे कागद गोळा करू लागली. तेवढ्यात चुलीजवळून सासूबाई उठून आल्या.

"पोती तिकडं पलंगाखाली घाल. न्हाई मावली तर माझ्या बाजेखाली घाल. ती तिची जागा हाय."

"आत्याबाई, राहू द्या, दोन दिवसांचा प्रश्न हाय," सून म्हणाली.

"दोन दिसाचं दोन वर्स व्हतंय. मला ठावं हाय."

मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सायेब, जुन्या घराला मी पंचमीचा नाग भिंतीवर काढीत व्हते. चुना आन् गेरू. गल्लीतल्या बाया बघाय येत व्हत्या. ती भिंत भूकंपात गेली. हितं आल्यावर म्हनलं, सिमिटावर कशाला काढायचा. तवापासून काढलाच न्हाई."

पोती बाजेखाली गेली. त्या कोपऱ्यात आज सुनेचे चित्र चालते, आणि रविवारी गल्लीतल्या तीन-चार मुली परीक्षेच्या सरावाला येऊन बसतात. त्यातून घरात पैका आला का, असे विचाराल तर नाही आला. पण घरात मोकळेपण आले, ते मी डोळ्यांनी पाहिले.

आता अशी जागा कशी करायची, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे ठिकाण. एका खाटेएवढी जागा पुरे होते. ओसरीचा कोपरा, जिन्याखालची जागा, गोठ्याचा मोकळा भाग, यांपैकी काहीही चालेल. पण तीन ठिकाणे टाळा. चुलीजवळ नको, कारण धूर आणि तेलाचा चिकटा कागदावर बसतो. कडब्याच्या गंजीला लागून नको, त्याचे कारण पुढे येईल. आणि खते व फवारणीची औषधे ठेवलेल्या खोलीत तर मुळीच नको. मूल तेथे तासन्तास बसणार, तोच वास हुंगणार. हे अजिबात चालवून घेऊ नका.

दुसरी गोष्ट उजेड. चित्रकार उत्तरेच्या खिडकीला मान देतात, कारण त्या बाजूने थेट ऊन येत नाही आणि उजेड दिवसभर सारखा राहतो. मात्र आपला जिल्हा साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे कलतो. तेवढ्या दिवसांसाठी खिडकीवर हातभर पत्र्याचे छप्पर किंवा गोणपाटाचा पडदा पुरतो. उजव्या हाताने काढणाऱ्याला उजेड डावीकडून यावा, डावखुऱ्याला उजवीकडून. नाही तर हाताची सावली नेमकी चित्रावर पडते. भिंतीला पांढरा चुना द्या, म्हणजे आहे तो उजेड दुप्पट वाटेल. रात्री पिवळ्या दिव्याखाली रंग लावू नका. तेव्हा पिवळा आणि पांढरा सारखेच दिसतात आणि सकाळी पाहावे तो चित्र भलतेच! रात्री पेन्सिलीचे काम करावे, रंग दिवसा लावावेत.

तिसरी गोष्ट बैठक. टेबल-खुर्ची हवीच असे नाही. पूर्वी आडत दुकानात मुनीम मांडी घालून ज्या उतरत्या डेस्कावर वह्या लिहीत, तसले डेस्क गावच्या सुताराकडून करून घ्या. पाठ वाकत नाही आणि वरच्या कडेचा कागदही नजरेसमोर येतो. जागा फारच कमी असेल तर फळी बिजागरीने भिंतीला लावावी. काम झाले की खाली पाडावी, पण कागद तिला चिमट्याने लावलेलाच राहू द्यावा.

चौथी गोष्ट साठवण. कागद गुंडाळून ठेवू नका, आडवे ठेवा. पत्र्याची पेटी सर्वांत उत्तम, कारण उंदीर आणि वाळवी दोन्हींपासून बचाव होतो. पेटी जमिनीवर न ठेवता चार विटांवर ठेवा, आणि भिंतीपासून वीतभर दूर. बियाण्याच्या पोत्यांना आपण हाच नियम लावतो. वाळलेला कडुलिंबाचा पाला फडक्यात बांधून आत ठेवा. श्रावण-भाद्रपदात कागदाला बुरशी धरते, म्हणून उघडीप मिळाली की पेटी उघडून कागदांना सावलीत वारा द्या. उन्हात घालू नका, रंग उडतो. उन्हाळ्यात उलट त्रास. आपल्याकडच्या कोरड्या हवेत बाटलीतले पोस्टर रंग दगड होतात. झाकण घट्ट लावावे आणि मधूनमधून दोन थेंब पाणी घालावे. कुंचला वापरून झाला की लगेच धुवावा आणि केस वर करून डब्यात उभा करावा.

पाचवी गोष्ट मी आमच्या खात्याच्या आवाजात सांगतो, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे. कुंचला धुवायला औषधाची रिकामी बाटली किंवा डबा कधीही घेऊ नका. तो तीन वेळा धुतला तरी नको. कुंचल्याचे टोक ओठांनी ओले करायची सवय मुलांना लागू देऊ नका. काही पिवळ्या-तांबड्या रंगांत कॅडमियमसारखे विषारी धातू असतात. रंगाचे पाणी गुरांच्या हौदात किंवा भाजीच्या वाफ्यात ओतू नका. हात साबणाने धुऊनच भाकरीला लावा.

तैलरंगाबद्दल एक वेगळी गोष्ट सांगतो. तैलरंग ज्या तेलात घोटतात ते बहुधा जवसाचे तेल असते. होय, आपल्या रब्बीतलाच जवस! पांढऱ्या रंगासाठी पुष्कळदा करडईचे तेल घेतात, कारण ते जवसापेक्षा कमी पिवळे पडते. जवस-करडई पेरणाऱ्या मुलखातल्या पोराला हे माहीत असावे. मात्र स्वयंपाकघरातले तेल रंगात ओतू नका. चित्रासाठी ते निराळ्या रीतीने शुद्ध करतात. आणि येथे सावध राहा. जवसाचे तेल वाळते ते हवेतला प्राणवायू घेऊन, आणि त्या वेळी उष्णता निघते. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडून राहिला तर ही उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता तो पेट घेऊ शकतो. मी मघाशी कडब्याच्या गंजीला नाही म्हटले, ते यासाठी. अशा चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याने भरलेल्या डब्यात बुडवून झाकून ठेवाव्यात. शिकाऊ पोराने मात्र तैलरंगाची घाई करू नये. जलरंग आणि पोस्टर रंगांत पुष्कळ शिकायचे असते.

खर्चाची चिंता करू नका. कागद, पेन्सिल, दोन कुंचले आणि पाच-सहा रंग एवढेच विकत आणायचे. बाकी फळी, पेटी, डबे घरातच निघतात. गेरू आहे, चुना आहे, चुलीचा कोळसा आहे, बाभळीचा डिंक आहे. डिंक रात्रभर भिजवून गाळला आणि त्यात गेरू घोटला की तांबूस रंग तयार झाला. वारली चित्रांना तांदळाचे पीठ आणि शेणा-गेरूने सारवलेली भिंत पुरली, आणि ती चित्रे परदेशात पोहोचली.

राहिली शेवटची गोष्ट आणि ती सर्वांत अवघड. ती म्हणजे घरातल्या सर्वांनी करायचा करार. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येतात. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीला मिळतात. आणि नेमकी तेव्हाच आपली सोयाबीनची काढणी असते! मुलीला रानात न्यायचे की परीक्षेला बसवायचे, हा वाद घरोघर होतो. त्या वेळी ऐनवेळचा निर्णय बहुधा पोतीच जिंकतात. म्हणून ठरवायचे ते आधी, जून महिन्यात, सर्वांनी एकत्र बसून. काढणीत मुलगी किती दिवस येईल, किती दिवस तिची सुटी, आणि पोती कोणत्या जागी जाणार नाहीत, हे बोलून घ्या. सुनेच्या बाबतीतही तेच. दुपारी भांडी झाल्यावरचा एक तास तिचा, असे म्हटले की त्या तासात चहाची हाक मारायची नाही. स्वतः उठून चहा करावा, त्याने कोणाची पाटीलकी जात नाही.

'पण त्याने मिळणार काय?' असे विचारणारे भेटतील. त्यांना सांगा, की बांधावर आंब्याचे रोप लावताना आपण पहिल्या वर्षी फळ मोजत नाही. एखादी मुलगी पुढे कलाशिक्षिका होईल, एखादा मुलगा पाट्या रंगवील, मूर्ती करील. बाकीच्यांना यातले काहीच होता येणार नाही. पण दिवसभर दुसऱ्यांसाठी राबणाऱ्या माणसाला घरात एक जागा अशी मिळेल, जिथे त्याने ठेवलेली वस्तू उद्याही तिथेच असेल. घर त्याचेही आहे, ही खूण ती जागा त्याला देते.

घटस्थापनेच्या आधी आपल्याकडे सारे घर बाहेर काढून धुण्याची रीत आहे. डबे, पेट्या, अंथरुणे अंगणात येतात आणि घर क्षणभर रिकामे दिसते. सामान परत लावण्याआधी टेप घ्या, उत्तरेची बाजू पाहा आणि चार बाय सहा फुटांची रेघ खडूने आखून ठेवा. त्या रेघेच्या आत काय ठेवायचे, ते घरातल्या चित्र काढणाऱ्यालाच ठरवू द्या.